येतानाची सीताफळं

आमच्या घरात मुंबईला जायच्या वाटा सीताफळावरून ठरतात. दसरा मागं पडला की बांधावरच्या झाडांकडं आत्यांचं येणं-जाणं वाढतं, आणि मग एका सकाळी ओसरीवर गोणपाट अंथरून त्या फळांचा ढीग मांडून बसतात. एकेक फळ उचलायचं, उजेडाकडं धरायचं, अंगठ्यानं हळूच दाबायचं आणि बाजूला ठेवायचं. "हे एसटीचं. हे रेल्वेचं. हे ट्रॅव्हल्सचं." यंदाही हंगाम आलाय, यंदाही त्या बसल्यात. मी शिकवते त्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्यामुळं मीही शेजारी बसलेय, पण मला फळांना हात लावायची परवानगी अजून मिळालेली नाही. माझा अंगठा जड आहे म्हणे.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. लग्न होऊन मी सिरसाळ्याहून इथं घाटनांदूरला आले तेव्हा हा प्रकार बघून मला हसू आलं होतं. आमच्या माहेरी सीताफळ म्हणजे पिकलं की खायचं आणि उरलं तर शेजारी द्यायचं. इथं मात्र कोणतं फळ कोणत्या गाडीनं जाणार, हे झाडावरून उतरवतानाच ठरलेलं. फळ फार कोवळं तोडलं तर ते पिकतच नाही, काळं पडून जातं. खवल्यांमधल्या रेघा पिवळट झाल्या, म्हणजे त्यानं डोळे उघडले, की तोडायचं. पण एकदा पिकलं की ते कुणासाठी थांबत नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीत गरम होतं, तिथं फळ लवकर पिकतं, म्हणून जरा कडक द्यायचं. एसटीत हादरे बसतात, म्हणून जाड सालीचं. रेल्वेत बाकाखाली गार असतं, तिथं डोळे चांगले उघडलेलं चालतं. आणि रशीदभाईंच्या पिकअपमधून वाशीच्या बाजारात जाणारा माल दगडासारखा. हे सगळं आत्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मुंबईला गेलेल्या माणसांनी परत कळवलेल्या बातम्यांवरून त्या शिकत गेल्या. कुठलं फुटलं, कुठलं कच्चं राहिलं, ते फोनवर विचारून घ्यायच्या.

मुंबई म्हणताना आमच्याकडं फार काटेकोरपणा नसतो. कुणाचा पोरगा कल्याणला असतो, कुणाचा पनवेलला, कुणी वाशीच्या बाजारात हमाली करतं, पण विचारलं तर सगळे मुंबईलाच. माझी नणंद अश्विनी लग्नानंतर कळंबोलीला राहायला गेली, तीही मुंबईलाच गेली. तिच्यासाठी दर हंगामात टोपली जायची. कधी एसटीच्या चालकाला विनवून, कधी अंबाजोगाईहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या पोराला चहा पाजून, कधी गावातल्या कुणाच्या तरी गाडीतून. टोपली किती वेळा गेली असेल देव जाणे. आत्या एकदाही गेल्या नव्हत्या.

त्यांना गाडी लागायची. आणि थोडीथोडकी नाही. अंबाजोगाईला दवाखान्यात जायचं तरी आदल्या दिवसापासून घरात सुतक असल्यासारखं वातावरण. गाडीत मळमळू नये म्हणून त्या जेवण बंद करायच्या. लिंबू, लवंग, आवळ्याची सुपारी, पोटावर वर्तमानपत्राचा कागद, सगळं करून झालेलं. तरी एसटी गावाबाहेर पडली की त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा आणि वाहक ओळखीचा असल्यामुळं काही न बोलता पिशवी पुढं करायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मात्र काही व्हायचं नाही. शिवरात्रीला परळीला त्या ट्रॉलीत बसून, वाऱ्यावर पदर उडवत, गाणी म्हणत जायच्या. त्यामुळं आत्यांचं जग ट्रॉली जाईल तेवढं मोठं होतं.

मग त्या वर्षी, अशाच सीताफळाच्या दिवसांत, अश्विनीचा फोन आला. तिला सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आम्ही खोली सारवून-पुसून, बाज कसून तयार ठेवली होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं, प्रवास अजिबात करायचा नाही, पडून राहायचं. तिची सासू गावाकडं अंथरुणाला खिळलेली. नवरा कंपनीत पाळीवर. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू येशील?"

आत्या "बघू" म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन मागच्या दारी गेल्या. मी गेले तर त्या रांजणाला टेकून रडत होत्या. मला बघून डोळे पुसले नाहीत, उलट चिडून म्हणाल्या, "लेकीनं पयल्यांदा कायतरी मागितलं, आन् मला न्हाई म्हणावं लागतंय. कसली आई म्हणायची मी."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि त्यांच्यावर मायाही दाटून आली होती, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "न्हाई म्हणायला तुमाला कुणी सांगितलं?"

पुढचे काही दिवस आमच्या ओसरीवर मुंबईच्या वाटांचा बाजार भरला. आत्यांना मुंबईला न्यायचंय ही बातमी गावात पसरली, आणि ज्यानं एकदाही पुण्याच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं त्याच्याकडंही सल्ला होता. कुणी म्हणालं एसटीनं जा, पुढच्या सीटवर बसवा. कुणी म्हणालं ट्रॅव्हल्सचं स्लीपर घ्या, झोपून जातील. स्लीपर म्हणजे काचा बंद असलेली पेटी, हे कळल्यावर आत्यांना ओसरीवर बसल्या बसल्याच मळमळलं. कुणी भाड्याची कार सांगितली आणि मांजरसुंब्याच्या घाटाचं वर्णन करायला लागला, त्याला बालाजीनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खुणेनंच गप्प केलं. एकानं तर विमान सुचवलं. आत्यांनी त्याला शांतपणे विचारलं, "त्याची खिडकी उघडती का?"

रशीदभाई माल न्यायला आले तेव्हा तेही या चर्चेत बसले. फळांचा व्यापार करणारा हा माणूस आमच्या घरी वर्षानुवर्षं येतोय. ते बालाजीला म्हणाले, "काय बे, आईला मुंबई दाखवायला इतका इचार करतो? मावशी, माझ्या पिकअपात चला. केबिनमधी बसा, दोनी काचा खाली. वाशीला माल टाकला की पनवेल काय, लागूनच हाय."

"आन् पिकअपात फळ पिकतंय का वाटंत?" आत्यांनी विचारलं.

"न्हाई पिकत. लई हवा लागती."

"मग मी बी टिकीन."

त्या खरंच निघाल्या असत्या. पण बालाजीनं डोक्याला हात लावला. बाळंतपणाला निघालेली आई सीताफळांच्या क्रेटांवर बसून मुंबईत उतरली तर जावई काय म्हणतील, ही त्याची काळजी. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, पण रस्ता तो रस्ताच, घाट तोच. मी म्हटलं, आणि रेल्वे?

हे कुणाला सुचलंच नव्हतं. गंमत म्हणजे रेल्वे आमच्या गावातच आहे. आमचं वावर रुळाला लागून आहे, गावाच्या पुढं, परळीच्या अंगाला. आत्यांचा दिवस गाड्यांवर चालायचा. हैदराबादकडची गेली, भाकरी खायला बसा. मालगाडी गेली, बैलांना पाणी दाखवा. खुरपणी करताना गाडी आली की त्या कंबर सरळ करून उभ्या राहायच्या आणि गाडीला हात करायच्या. आतलं कुणी ना कुणी, बहुतेक वेळा एखादं लेकरू, उलट हात करायचं. जन्म असा गेला आणि रेल्वेत पाय ठेवायची वेळ कधी आली नाही. माहेर केजकडं, तिथं रूळच नाहीत. मोठी गाडी म्हणजे मोठी मळमळ, असं त्यांनी आपलं धरून ठेवलेलं.

मी म्हटलं, आपण आधी परळीपर्यंत जाऊन बघू. जवळच तर आहे. लागली गाडी तर लागली, वैजनाथाचं दर्शन तरी होईल.

आत्या तयार झाल्या आणि नेहमीप्रमाणं आदल्या दिवशीच जेवण सोडलं. मी किती समजावलं. "रिकाम्या पोटी वर येईल तरी काय," हे त्यांचं म्हणणं. सकाळी स्टेशनवर आलो तेव्हा त्यांच्या हातापायातलं त्राण गेलेलं. मांडीवर पिशवी, पिशवीत सीताफळं. ती कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "फळाची बी परीक्षा हुईल. रेल्वेनं न्यायचंय ना त्यास्नी बी."

पॅसेंजर आली. मी त्यांना खिडकीशी बसवलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, लिंबू नाकाशी धरलं. गाडी हलली. मी एक रिकामी पिशवी काढून तयार ठेवली आणि मनातल्या मनात वैजनाथाला म्हटलं, एवढी बाई सुखरूप पोचव.

झालं असं की पुढच्या बाकावरून एक भलं मोठं गाठोडं घसरलं ते थेट आत्यांच्या मांडीवर. तिथल्या पिशवीतलं एक फळ चिरडलं. पांढराशुभ्र गर पिशवीतून पातळावर आला. आत्यांनी डोळे उघडले. आता आमच्या आत्यांना दोन गोष्टी सहन होत नाहीत, एक वाया गेलेलं अन्न आणि दुसरं म्हणजे डाग. त्यांनी लिंबू माझ्याकडं फेकल्यासारखं दिलं आणि फुटलेलं फळ खायला सुरुवात केली. आदल्या दिवसापासूनची भूक. सीताफळ खायला माणसाला वेळ लागतो. एक फोड जिभेवर घ्यायची, गर सोडवायचा, बी वेगळी करायची, तळहातावर ठेवायची. त्यात घाई चालत नाही आणि दुसरीकडं लक्षही चालत नाही. त्या खात होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. राखेचा रंग कुठं दिसेना. तळहातावर काळ्याभोर बिया साठत होत्या.

मग त्यांनी बाहेर पाहिलं आणि खाणं थांबलं.

"आगं, आपलं वावर."

उजव्या हाताला आमचा बांध आला होता. सीताफळाची झाडं, विहिरीचा कठडा, वाळत घातलेलं सोयाबीन. सगळं एका दमात आलं आणि मागं गेलं. आत्या खिडकीच्या गजाला कपाळ लावून मागं बघत राहिल्या. "इतकं जवळनं जाती व्हय गाडी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कुनीच न्हवतं गं तितं. हात करायला."

मी त्यांच्या हातात दुसरं सीताफळ दिलं.

परळी आली. औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, गाडी थांबली, आत्या उतरल्या. फलाटावर उभ्या राहून त्यांनी पोटावर हात ठेवला, जसं काही आत कुणी आहे का विचारताहेत. काही नव्हतं. दर्शन घेतलं, भजी खाल्ली, हे विशेष, आणि परतीची रेल्वे जुळत नव्हती म्हणून एसटीनं आलो. एसटीत त्यांना गाडी लागली. अगदी नेहमीसारखी. पण उतरल्यावर पदरानं तोंड पुसत त्या जे हसल्या, तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "यष्टी लागती मला," त्या बालाजीला म्हणाल्या. "रेल्वे न्हाई लागत."

बालाजीचं आजही म्हणणं आहे की ते रेल्वेमुळं झालं, तिच्यात हेलकावे कमी असतात, खिडकी उघडी असते. माझं म्हणणं, पोटात अन्न होतं म्हणून. आत्यांचं म्हणणं, सीताफळामुळं. हा वाद आमच्या घरात कायमचा वस्तीला आलाय आणि मला वाटतं तो सुटू नये.

तिकीट मिळणं ही त्या सगळ्यातली सोपी गोष्ट निघाली. दिवाळीच्या तोंडावर सगळी मुंबई गावाकडं येत असते, उलट्या दिशेनं जाणारं कोण असतं? पनवेलच्या गाडीत मायलेकांना जागा मिळाली. ओसरीवर पुन्हा ढीग मांडला गेला. त्या दिवशी आत्यांनी फळं निवडली तेव्हा पहिल्यांदाच टोपली आणि टोपली पाठवणारी एकाच गाडीनं जाणार होती. त्या जेवून निघाल्या. पोटभर. मी स्टेशनवर सोडायला गेले आणि गाडीचा मागचा लाल दिवा दिसेनासा झाल्यावर मला एकदम पोरकं पोरकं झालं. ज्या बाईशी माझं दिवसातून दोनदा वाजतं तिच्यासाठी.

सकाळी मी अंगणात सडा टाकत असताना बालाजीचा फोन आला. "उतरलो पनवेलला. आईला काय बी झालं न्हाई." आणि वर, "मला मळमळतंय जरा. तिनं रात्री लई सीताफळं खायला लावली."

अश्विनीला त्यातलं एकही फळ मिळालं नाही. सीताफळ थंड, गरोदर बाईला बाधेल, बाळंतिणीला तर नकोच, असं आत्यांनीच फर्मान काढलं आणि एवढ्या निगुतीनं नेलेली टोपली इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या दारोदार वाटली. तिथं त्यांना सगळे सीताफळवाल्या आजी म्हणायला लागले. स्वरा जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आत्यांनीच. मला फोन केला. मला वाटलं, वजन सांगतील, रंग सांगतील, कुणावर गेलीय ते सांगतील. त्या म्हणाल्या, "मी हाय हितं, सुनंदा. मी हाय हितं."

त्यानंतर आत्या घरात ठरेनात. आता गावातल्या कुणाला मुंबईला जायचं असलं की ते आधी आमच्या ओसरीवर येतात. कल्याणकडं जायचं असेल तर लातूरहून कोणती गाडी बरी, पनवेलला उतरून कळंबोलीला रिक्षा कुठल्या बाजूनं धरायची, म्हाताऱ्या माणसाला कोणता बाक बरा, सगळं आत्या सांगतात. बीडला आता रेल्वे आली, ती परळीपर्यंत यायची आहे, त्यावरही त्यांचं लक्ष असतं. "आली की नगरवरनं जाऊन बघीन," म्हणतात. गुडघे कुरकुर करतात, पण रेल्वेत गुडघ्याचं काय काम, हे त्यांचं उत्तर.

एक गोष्ट मात्र त्यांना खात होती. स्वरा इथं येत नाही. एकदा आली होती, बापाच्या कारनं. द्रुतगती मार्गावरच तिला गाडी लागली ती घाट उतरून घरात शिरेपर्यंत. पोर उतरली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा होता. आत्यांनी तो ओळखला आणि तिला छातीशी धरून म्हणाल्या, "माझंच घेतलं गं पोरीनं." परत जातानाही तेच. तेव्हापासून सुट्टी आली की स्वरा व्हिडिओ कॉलवर सांगते, "आजी, मी नाही येणार. मला गाडी लागते. तूच ये ना." आत्या फोन घेऊन वावरात जातात आणि तिला पडद्यावरून झाडं दाखवतात, विहीर दाखवतात. ती "हो, छान आहे" म्हणते आणि तेवढ्यात तिला दुसरं काहीतरी आठवतं. परवा असंच फोन ठेवल्यावर आत्या बराच वेळ बांधावर बसून होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "वावर फोनमधनं कळत न्हाई. मी आणते तिला."

म्हणून आजचा हा ढीग. उद्या आत्या पनवेलला निघतायत, एकट्या. टोपली जवळजवळ भरलीय, वर कडुनिंबाचा पाला टाकायचा राहिलाय. पण मघापासून त्या एक वेगळी पुरचुंडी बाजूला काढतायत, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात. त्यातली फळं मी बघितली. डोळे जेमतेम उघडलेले. एवढी कडक फळं त्या रशीदभाईंनाच देतात.

"आत्या, ही कावून घेतली? पनवेलपर्यंत पिकायची न्हाईत ही."

"जातानाची न्हाईतच ती," त्या म्हणाल्या. "येतानाची हायत. चार दिवस मी तितं ऱ्हाणार. निघायच्या दिशी बरुबर मऊ हुतील. तिच्या हातात देते, बघू कशी लागती गाडी."

मग त्यांनी बालाजीला हाक मारली आणि परतीचं तिकीट कुठलं काढलंय विचारलं. तो म्हणाला, "थेट घाटनांदूर. पहाटे येतीस, मी येतो घ्यायला."

"ते नगं. वाटंत लातूररोडला उतरतो आमी. तितं च्या पिऊन सकाळची पॅसेंजर धरतो. पॅसेंजरचं तिकीट परळीचं काढ."

बालाजी कपाळाला हात लावून माझ्याकडं बघायला लागला. "आई, थेट गाडी सोडून? लेकराला घेऊन फलाटावर बसणार? आन् परळी कशाला, आपलं गाव आधी येतं की."

"मला म्हाईत हाय गाव आधी येतं. आपलं वावर त्याच्या पुढं हाय." त्यांनी पुरचुंडीची गाठ मारली. "पहाटं अंधारात काय दिसंल तिला?"

आणि मग माझ्याकडं न बघताच, शेवटचं फळ अंगठ्यानं दाबून बघत म्हणाल्या, "सुनंदा, त्या दिशी सकाळीच वावरात जा. रुळाच्या अंगाला, सीताफळापाशी उभी ऱ्हा. हात कर तिला."